वाचकांचे प्रश्न : जर्नलमधले ‘९.८’

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात आहे. साध्या दोलकाच्या प्रयोगात १०० सेंटिमीटर लांबीला २० दोलनांसाठी ३८.२ सेकंद लागले आणि त्यावरून गुरुत्व त्वरण १०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आले. ६० आणि ८० सेंटिमीटरलाही उत्तर जवळपास तेवढेच येते. बॅचमधल्या बहुतेकांनी ९.८ हे उत्तर धरून उलट्या हिशोबाने रीडिंग भरली आणि जर्नलवर सही मिळवली. माझे जर्नल मात्र ‘दुरुस्त करून आणा’ असा शेरा मारून परत आले आहे. मी काय करावे? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : प्रयोग पुन्हा करा, पण जुने पान फाडू नका, कारण चूक नेमकी कुठे झाली याचा पत्ता त्याच पानात लिहिलेला आहे. स्टॉपवॉच चालू-बंद करताना हाताकडून साधारण ०.२ सेकंदाचा फरक पडतो असे धरले, तर ४० सेकंदांत तो अर्धा टक्का होतो. गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात दोलनकालाचा, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग असल्यामुळे गुरुत्व त्वरणात तो दुप्पट, म्हणजे एक टक्का होतो. म्हणून या साधनांनी ९.७ आले काय किंवा ९.९ आले काय, दोन्ही उत्तरे चांगलीच म्हणायची. १०.८ हे मात्र त्या मर्यादेच्या दहापट दूर आहे, आणि तिन्ही लांबींना उत्तर एकाच दिशेने, एकाच प्रमाणात वाढलेले आहे. हाताची थरथर असे करत नाही. ती कधी वर नेते, कधी खाली.

माझा संशय मोजणीवर आहे. स्टॉपवॉच सुरू करताना तुम्ही ‘शून्य’ म्हणालात की ‘एक’? ‘एक’ म्हणाला असाल, तर ‘वीस’पर्यंत प्रत्यक्षात १९ दोलनेच पूर्ण झाली. ३८.२ ला १९ ने भागले तर दोलनकाल २.०१ सेकंद निघतो आणि गुरुत्व त्वरण ९.७७ येते. मात्र एवढ्यावरून जर्नलमध्ये २० खोडून १९ लिहू नका. तसे केले तर तुमच्यात आणि उलटा हिशोब करणाऱ्या मित्रांत फारसा फरक उरणार नाही. ‘शून्य’पासून मोजून नव्याने रीडिंग घ्या, दोन्ही तक्ते जर्नलमध्ये ठेवा आणि पहिल्यात काय चुकले असावे ते मध्ये दोन ओळींत लिहा.

दोलनकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेखही काढा. परीक्षेत त्याला गुण असतात म्हणून तो काढला जातो, पण त्याचा खरा उपयोग चुका ओळखण्यासाठी आहे. मोजणीत एक दोलन कमी पडले असेल, तर रेषा आरंभबिंदूतूनच जाते, फक्त तिचा चढ बिघडतो. लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली असेल, तर चढ बरोबर राहतो, पण रेषा मागे वाढवल्यावर लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, त्रिज्येइतक्या अंतरावर छेदते. म्हणजे लांबीत चूक असूनही चढावरून काढलेले गुरुत्व त्वरण योग्यच मिळते. एकाच लांबीवर भागाकार करून थांबणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

आणि ते ९.८ तरी कुठले? ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवून घेतलेले आहे. पुण्याच्या अक्षांशाला आणि उंचीला गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८ भरते; साताऱ्यातही जवळपास तेवढेच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे १६७२ मध्ये पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचे दोलकाचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, कारण तिथे गुरुत्व त्वरण पॅरिसपेक्षा कमी आहे. पॅरिसचा आकडाच खरा मानून त्याने आपली नोंद ‘दुरुस्त’ केली असती, तर पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या न्यूटनच्या प्रतिपादनाला एक मोठा आधार कमी पडला असता.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. अनुमापनात, म्हणजे ब्युरेट या आकडे कोरलेल्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून रंग कधी बदलतो ते पाहण्याच्या प्रयोगात, प्रत्येक विद्यार्थी १०.२, १०.२, १०.२ मिलिलिटर अशी तीन तंतोतंत सारखी रीडिंग लिहितो. यावर उपाय काय? – एक शिक्षक, लातूर

उत्तर : तीन सारखी रीडिंग मिळाल्याशिवाय तक्ता पूर्ण होत नाही असे आपणच शिकवतो, मग मुले तो पूर्ण करतात, दोष एकट्या मुलांचा नाही. ब्युरेटच्या एका थेंबाचे आकारमान सुमारे ०.०५ मिलिलिटर असते आणि आपल्याकडच्या ब्युरेटवर सर्वांत लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो. त्यामुळे १०.२, १०.३, १०.२ हे प्रामाणिक हाताचे अगदी स्वाभाविक चित्र आहे. त्याला पूर्ण गुण मिळतात हे वर्गात एकदा स्पष्ट सांगावे आणि मग तसे द्यावेतही.

दुसरे, प्रत्येक वेळी ब्युरेट शून्यापर्यंत भरायला लावू नका. पहिल्या खेपेला १०.२ वर रंग बदलल्याचे माहीत असले की दुसऱ्या खेपेला डोळा द्रावणाकडे न राहता ब्युरेटच्या आकड्याकडे वळतो आणि हात आपोआप तिथेच थांबतो. एकदा ०.० पासून, एकदा ३.७ पासून, एकदा १२.४ पासून सुरुवात केली तर शेवटचा आकडा आधी पाठ असत नाही. आरंभीचे आणि शेवटचे अशी दोन्ही रीडिंग लिहिणे मात्र सक्तीचे करावे. पोटॅशियम परमँगनेट वापरताना गडद रंगामुळे नळीतल्या द्रावणाच्या पृष्ठभागाची वरची कड वाचायची असते, हेही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. शक्य असेल तर प्रत्येक गटाला किंचित वेगळ्या तीव्रतेचे द्रावण द्या आणि खरा आकडा स्वतःच्या वहीत ठेवा. सहाय्यकांचे काम थोडे वाढेल, पण शेजारच्या टेबलावरून रीडिंग उतरवण्याचा उद्योग त्याच दिवशी थांबेल.

प्रश्न : ‘त्रुटींची कारणे’ या मथळ्याखाली नेमके काय लिहावे? वरच्या वर्गातल्या मुलांच्या जर्नलमध्ये ‘मानवी चुका, हवेचा रोध, उपकरणातील दोष’ एवढेच असते. कच्ची वहीही दाखवावी लागते का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : त्या तीन शब्दांत कुठल्याही प्रयोगाचे कारण बसते, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. जे कारण लिहाल, त्याने उत्तर वाढेल की घटेल आणि साधारण किती, हे शेजारी लिहा. तसे लिहिता येत नसेल तर ते कारण सोडून द्या. दोलक ३० अंशांपर्यंत ओढून सोडला असेल तर दोलनकाल १.७ टक्क्यांनी वाढतो आणि ९.७८ च्या जागी ९.४५ मिळते, १० अंशांपर्यंत ओढला तर उत्तरातला फरक ०.४ टक्क्यांच्या आत राहतो. हे लिहिण्याजोगे कारण झाले. हवेच्या रोधामुळे धातूच्या जड गोळ्याचे झोके हळूहळू लहान होतात, पण दोलनकालात पडणारा फरक तुमच्या स्टॉपवॉचला दिसणारही नाही, तेव्हा दरवर्षी त्या बिचाऱ्या हवेवर ठपका ठेवण्याचे कारण नाही.

कच्ची वही दाखवायची की नाही हे तुमचे शिक्षक ठरवतील, पण ती पेनानेच लिहा आणि चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारा, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बसलेल्या परीक्षकाने ‘हे रीडिंग का खोडलेत?’ असे विचारले, तर उत्तर द्यायला तो आकडा लागतो.