भोसरीत दोन सीएनसी मशीनचं वर्कशॉप आहे, संरक्षण खात्याचं काम कसं मिळेल?
आधी उद्यम नोंदणी करा, लघुउद्योगांना त्यावर टेंडरच्या अनामत रकमेत सूट मिळते. मग जेम (सरकारी खरेदीचं) आणि सृजन (संरक्षण खात्याचं) ही पोर्टलं बघत राहा. सृजनवर आयात होणाऱ्या सुट्या भागांची यादी असते, तुमच्या मशीनवर बसेल असा भाग तिथे शोधा. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या 7 कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यातच आहे.

खरी कसोटी तपासणीत लागते. आमचा पहिला लॉट मापात चोख होता, आटे तपासायचा थ्रेड गेज अलगद फिरत होता, पण नगांवर हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या वितळणीतला ते सांगणारा नंबर, पंच केलेला नव्हता. अख्खा लॉट परत आला! मटेरियलचं सर्टिफिकेट आणि तो नंबर जिवापाड सांभाळा. आणि खेळतं भांडवल हाताशी ठेवा, बिलं निघायला वेळ लागतो.