वडिलांचा पेसमेकर डब्यात आहे

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझे वडील मागच्या महिन्यात वारले. वय ७६. दोन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला होता. तिरडी स्मशानात पोचल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, "छातीत मशीन हाय का वो?" हो म्हटल्यावर त्याने थांबवलं. मग दवाखान्यातून एकाला बोलावून ते काढून घेतलं. आता ते स्टीलच्या डब्यात घालून देवघराच्या फळीवर ठेवलंय. आई म्हणते, नदीत सोड. मला वाटतं, आठ-दहा वर्षं चालणारं यंत्र एखाद्या गरिबाला का देऊ नये? कुठे द्यायचं? (एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : आधी त्या स्मशानातल्या माणसाला माझा नमस्कार सांगा. ज्या डॉक्टरने मृत्यूचा दाखला लिहिला, त्याने हा प्रश्न विचारायला हवा होता. पेसमेकर म्हणजे मंद पडलेल्या हृदयाला विजेचा ठोका देणारी डबी. तिच्यात लिथियमची सीलबंद बॅटरी असते. ती तापली की आत वायू कोंडतो आणि डबी फुटते. इंग्लंडात सोलिहल इथे १९७६ साली दाहिनीत असा स्फोट झाला. आता तिकडे मृत्यूनंतरच्या कागदांवरच हा प्रश्न छापलेला असतो. आपल्याकडे तो स्मशानातल्या माणसाला तोंडपाठ आहे, एवढं तरी आहे.

नदीत मात्र सोडू नका. आईंना म्हणावं, भीमेच्या पोटात आधीच पुष्कळ काय काय गेलंय.

आता तुमचा खरा प्रश्न. मेलेल्या माणसाचं यंत्र जिवंत माणसाला चालतं का? चालतं, आणि हे आपल्याच राज्यात करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत मृतांच्या शरीरातून नातेवाइकांच्या संमतीने काढलेले पेसमेकर मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात आणून गरीब रुग्णांना बसवले गेले. काढलेले होते १२१, त्यातले ५३ बसवण्याजोगे निघाले. बाकीच्यांची बॅटरी पुरेशी उरलेली नव्हती. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दान करणाऱ्याला वाटतं तेवढं त्या डबीत शिल्लक असतंच असं नाही. पुढे कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि डोमिनिकन रिपब्लिकला अशी यंत्रं गेली. १०५१ रुग्णांचा दोन वर्षांचा हिशेब २०२० साली छापून आला. जंतुसंसर्ग २ टक्क्यांना झाला. कॅनडात नवं यंत्र बसवलेल्यांत तो १.२ टक्के होता, पण हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, एवढाच निघाला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे लोक तर केनिया, नायजेरिया, सिएरा लिओनसारख्या ठिकाणी चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना नवं, निम्म्यांना जुनं अशी रीतसर तुलना करून बसले आहेत. पहिल्या तीन महिन्यांत जुनं नव्याच्या तोडीस तोड ठरलं.

पण जुनं म्हणजे डब्यातून काढलं आणि बसवलं, असं नाही. प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर बॅटरी आणि सर्किट तपासतात, रक्ताचा कण न् कण काढतात, इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. हृदयात जाणारी वायर, म्हणजे लीड, ती दर वेळी नवीच. तुमच्या स्टीलच्या डब्यातून थेट कुणाच्या छातीत, हे होणे नाही. कुणी एजंट "द्या, मी बघतो" म्हणाला तर देऊ नका. वडिलांचं पेसमेकर कार्ड बरोबर घ्या आणि ज्यांनी तो बसवला त्या डॉक्टरांकडे यंत्र जमा करा. तिथे यंत्राच्या नंबराची नोंद बंद होते. दान करायचं असेल तर तसं लेखी द्या. पुढे त्याचं काय होणार, ते त्यांना स्पष्ट विचारा.

आणि एक सांगू? सोलापुरातल्या गरिबाचं अडतं ते यंत्रावाचून नाही. विडी घरकुलातल्या एक बाई माझ्याकडे आल्या त्याआधी दोन वर्षं फिट्सच्या गोळ्या खात होत्या. विड्या वळताना सुपावरच आडव्या व्हायच्या. दोन ठिकाणी दाखवलं होतं. एका ठिकाणी मेंदूचा फोटोही काढला होता, पैसे उसने काढून. मी मनगटावर बोटं ठेवली : ठोके ३४. ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक, वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचतच नव्हता. नव्या पेसमेकरला त्यांना एक रुपया पडला नाही, सरकारी योजनेत बसला. मेंदूच्या फोटोचं कर्ज मात्र नंतर वर्षभर फिटत होतं. ज्या देशांत अशी योजनाच नाही तिथे जुन्या यंत्राचं मोल सोन्यासारखं. पण तिथेही आधी कुणीतरी नाडी मोजायला हवी, ईसीजी काढायला हवा, टाके भरल्यावर सहा महिन्यांनी तपासायला माणूस हवा. डबी विमानाने जाते, हे सगळं तिच्यासोबत पार्सल होत नाही.

प्रश्न : मालकांचे ठोके ३८ आहेत. पेसमेकर सांगितला आहे. केशरी रेशनकार्ड आहे. खाजगीत लाख-दीड लाख सांगतात. शेत गहाण टाकावं का? (एक भगिनी, मंगळवेढा)

उत्तर : ताई, शेत गहाण टाकू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर आहे. २०१२ मध्ये ही योजना दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या आठांत सोलापूर होतं. म्हणजे इथल्या दवाखान्यांना ती नवी नाही. योजनेतल्या दवाखान्यात शिरलात की आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल शोधा. रेशनकार्ड, आधार, ईसीजी सोबत ठेवा. दोन्ही कार्डांवरचं नाव सारखं आहे का, ते आज रात्रीच बघा. निम्मी प्रकरणं तिथेच अडकलेली मी पाहिली आहेत. दवाखाना कळत नसेल तर १५५३८८ ला फोन लावा. मंजुरीला वेळ लागला आणि चक्कर वाढली, तर तोवर मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून तात्पुरता पेसमेकर घालता येतो, तो मागा.

"वरचे पन्नास हजार भरा, दोन वायरींचा चांगला बसवतो" असं कुणी म्हणालं तर मालकांचं वय सांगा आणि कारण विचारा. ब्रिटनमध्ये सत्तरीपुढच्या २०००हून जास्त रुग्णांवर एक वायर की दोन, ही तुलना झाली. दोन वायरींमुळे पहिल्या पाच वर्षांत मृत्यू कमी झाले नाहीत. तरुण माणसाची गोष्ट वेगळी असू शकते. कारण पटलं तर ऐका. "चांगला असतो" हे कारण नाही.

आणि तोवर मालकांना विहिरीवर, शिडीवर, मोटरसायकलवर जाऊ देऊ नका.