पहिल्यांदाच मुंबई-न्यूयॉर्क? आधी सीट बघ

अरे नॉनस्टॉप म्हणजे १५-१६ तास, खिडकीचा हट्ट सोड आणि आइल (मधल्या वाटेलगतची सीट) घे, नाहीतर बाथरूमला जायला दर वेळी झोपलेल्या दोघांना उठवायचं, मग संकोचापायी माणूस पाणीच पीत नाही, आणि आतली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. शेवटची रांग नकोच, सीट बऱ्याचदा मागे जात नाही, वर टॉयलेटची लाइन डोक्याशी. व्हेज हवं तर निदान २४ तास आधी एअरलाइनला ‘एशियन व्हेज’ (म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी) सांग, नुसतं व्हेज म्हटलं की कधी उकडलेल्या भाज्या येतात. पाय सुजतात, बूट सैलच घाल, अधूनमधून चक्कर मार. दशम्या खुशाल ने, पण जेवणातलं सफरचंद वगैरे पिशवीत राहिलं आणि तिकडे उतरल्यावर कस्टम्सला सांगितलं नाहीस तर दंड बसू शकतो.