गोळीला दाद देत नाही, मग शत्रूवर फुटेल का?

प्रश्न : माझा मुलगा तोफखान्यात आहे. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, आता असे तोफगोळे निघालेत की त्यांना गोळी लागली, आग लागली तरी फुटत नाहीत. ऐन वेळी शत्रूवरही फुटले नाहीत तर?
– एक आई, अपशिंगे (मिलिटरी), जि. सातारा

उत्तर : ताई, फुटतील. माझी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत गेली, म्हणून छातीठोक सांगतो.

माण-खटावात विहिरीचा सुरुंग तुम्ही पाहिला असेल. जिलेटीनच्या कांडीत केप खोचतात, ती केप आधी उडते आणि मग कांडी. तोफगोळ्यातही असाच क्रम असतो. टोकाला फ्यूज, म्हणजे स्फोटाची पहिली ठिणगी देणारी कळ, त्याखाली बूस्टर, म्हणजे ती ठिणगी वाढवून जबर धक्का देणारं मधलं स्फोटक, मग पोटातलं मुख्य स्फोटक, म्हणजे भरण. फ्यूजमधली चिमूटभर दारू नाजूक, भरण मात्र दमदार. नव्या गोळ्यात हे भरणच बदललंय. बूस्टरचा जबर धक्का बसला तरच ते उठतं.

जुन्या भरणात स्फटिकांमध्ये बारीक पोकळ्या राहतात. बाहेरून मार बसला की त्या दबतात, तिथे क्षणात प्रचंड उष्णता होते आणि स्फोट तिथून सुरू होतो. टीएटीबी नावाच्या स्फोटकाचे रेणू थरांत बसलेले असतात. ते सहजी पेटत नाही, पण जोर थोडा कमी आणि किंमत भारी. अमेरिकन लष्कराने २०१० साली तोफगोळ्यांत टीएनटी या जुन्या स्फोटकाच्या जागी आयएमएक्स-१०१ हे असंच सहजी न फुटणारं मिश्रण मान्य केलं. पुण्यात सुतारवाडीला डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची एचईएमआरएल ही स्फोटकांची प्रयोगशाळा आहे, तिथेही अशा स्फोटकांवर काम झालंय.

एवढा खटाटोप का? २९ जुलै १९६७, फॉरेस्टल ही अमेरिकन विमानवाहू नौका. चुकून सुटलेल्या एका रॉकेटने डेकवर आग लागली. विमानांखाली काही जुने बॉम्ब टांगलेले होते, त्यातला पहिला दीडेक मिनिटातच फुटला. आग विझवायला धावलेले लोक त्यातच गेले. एकूण १३४ माणसं मेली, आणि शत्रूची एक गोळी आली नव्हती.

म्हणून आता चाचण्या कडक असतात. गोळ्यावर बंदुकीची गोळी झाडतात, तेलाच्या आगीत ठेवतात, शेजारी दुसरा गोळा फोडून बघतात. मला सगळ्यात आवडते ती संथ भाजणी. अगदी हळूहळू तापमान वाढवत नेतात, शेजारच्या कोठारात आग धुमसत असावी तसं. कवच फाटून भरण नुसतं जळालं तर गोळा पास. धडाम झालं तर नापास.

एक गोष्ट मात्र खरी. असं भरण उठवायला बूस्टर तगडा लागतो. तो कमी पडला तर गोळा अर्धवट फुटतो आणि न जळलेले तुकडे रानात विखुरतात. तुमची शंका अगदीच अनाठायी नाही, पण हा हिशोब गोळा मंजूर होण्याआधीच मांडलेला असतो.

आणि मुलाला विचारा, मोठ्या तोफेचा गोळा येतो तेव्हा त्याच्या नाकात काय असतं. फ्यूज नसतोच, उचलायच्या कडीचा प्लग असतो. तो काढून फ्यूज तोफेपाशीच बसवतात. ते काम त्याच्या हातचं आहे, आणि फ्यूजमधली ती चिमूटभर दारू आजही नाजूकच आहे.