नाशिकमध्ये घरी ड्रॅगन आणि आउलबेअर थीमची ९ टक्क्यांची बिअर जमेल का?

डीएनडी, म्हणजे ड्रॅगन आणि आउलबेअर (घुबड-अस्वल) असे राक्षस असलेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळाच्या ग्रुपसाठी करायचीय म्हणताय, पण आधी वाईट बातमी, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने लायसनशिवाय घरी दारू बनवणं गुन्हाय, आपल्याकडे एवढ्या वायनरी आहेत म्हणून घरी पण चालतं असं नाही. जिथे परवानगी आहे अशा देशात कोणी भाऊबीऊ असेल तर त्याच्याकडे करा, मी तेच केलं.

ड्रॅगनला स्मोक्ड माल्ट (मोड आणून धुरावर वाळवलेली बार्ली) आणि सुकी लाल मिरची, पण जपून, आम्ही पहिल्यांदा मूठभर टाकली आणि बिअर कसली, मिसळीची तर्री झाली. आउलबेअरला ओट्स घालून जाडसर स्टाउट, म्हणजे काळी बिअर. नावं काहीही द्या हो, खरा राक्षस यीस्ट आहे. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (माल्टच्या गोड रसाची पाण्याच्या तुलनेत घनता) १.०९० आणि शेवटची १.०२० आली तर फरक ०.०७० गुणिले १३१, म्हणजे साधारण ९ टक्के, पण एवढ्या गोड रसात यीस्ट दमतं आणि मधेच थांबतं म्हणून नेहमीच्या दुप्पट टाका, आधी रस थंड झाल्यावर चांगला हलवून हवा मिसळा आणि टेम्परेचर १८-२० डिग्री ठेवा. ग्रॅव्हिटी २-३ दिवस हलली नाही की मगच बाटल्या भरा, नाहीतर फुटतात. मग निदान २-३ महिने मुरू द्या, लोणच्यासारखं.