क्रोम लावलं तरी एज का उघडतं?

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर आणि मोबाइल

या वेळी सातारा-सांगलीकडून आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. ब्राउझर, म्हणजे वेबसाइट उघडणारं सॉफ्टवेअर, आपण निवडायचा आणि कॉम्प्युटरने भलताच, म्हणजे विंडोजसोबत येणारं मायक्रोसॉफ्टचं एज, उघडायचा. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत.

आमचं सेवा केंद्र आहे. तीन मशीन, तिन्हींवर विंडोज ११. क्रोम डिफॉल्ट केलं, तरी मोठा अपडेट झाला की एखाद्या मशीनवर परत एज येतं. डाउनलोड केलेला सातबारा तर कायम एजमध्येच उघडतो आणि छापताना कडा कापतो. काय करावं?
– एक वाचक, कराड तालुका

या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, एका बटणाने सुटणार नाहीत.

आधी डिफॉल्टचं, म्हणजे लिंक दाबली की आपोआप उघडणाऱ्या ब्राउझरचं, बघू. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स असं जाऊन यादीतल्या गूगल क्रोमवर क्लिक करा आणि वरचं 'सेट डिफॉल्ट' दाबा. या एका बटणाने चारच गोष्टी क्रोमकडे जातात : एचटीटीपी आणि एचटीटीपीएस (वेबच्या लिंका), डॉट एचटीएम आणि डॉट एचटीएमएल (वेब पानांच्या फाइली). पीडीएफ त्यात नाही. म्हणून डाउनलोड्स फोल्डरमधल्या सातबाऱ्यावर डबल क्लिक केलं की एज उघडतं. त्याच पानावर खाली डॉट पीडीएफची ओळ असते, तिथे वेगळी निवड करावी लागते. आमचा सल्ला असा, की पीडीएफ क्रोमलाही देऊ नका, ॲडोबी रीडरला द्या. सातबाऱ्यावरची डिजिटल स्वाक्षरी तिथे नीट तपासता येते. आणखी एक, ही निवड विंडोजच्या प्रत्येक लॉगिनला वेगळी असते. मालकाच्या लॉगिनवर केलेला बदल मदतनीसाच्या लॉगिनवर लागू होत नाही.

अपडेटनंतर एज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मशीन चालू होताना पडदाभर येणारं 'सेटअप पूर्ण करा' हे पान. त्यात 'रेकमेंडेड ब्राउझर सेटिंग्ज' असा पर्याय असतो. काउंटरवर गर्दी असली की माणूस पुढे-पुढे दाबत जातो, आणि तेवढ्यात एज डिफॉल्ट होऊन बसतं. ते पानच बंद करा : सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, अगदी तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज'. तिथल्या सगळ्या खुणा काढा. हे तिन्ही मशीनवर, प्रत्येक लॉगिनमध्ये करायचं.

दुसरं कारण म्हणजे सफाई करणारी किंवा मशीन 'फास्ट' करणारी फुकट सॉफ्टवेअर. विंडोज तुमची निवड रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत, ठेवतं आणि तिच्याशेजारी एक हॅश, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरने निवड परस्पर बदलली की हा आकडा जुळत नाही. मग विंडोज ती निवड रद्द करून स्वतःचा ब्राउझर लावतं आणि 'ॲप डिफॉल्ट रिसेट झाला' एवढी सूचना देतं. ती सूचना दिसली तर अलीकडे काय इन्स्टॉल केलं ते आधी बघा.

छपाईचं सोपं आहे. प्रत्येक ब्राउझरची प्रिंटची सेटिंग्ज वेगळी असतात. क्रोममध्ये ए-फोर लावलेला असला तरी एजमध्ये लेटर असू शकतो. प्रिंटच्या खिडकीत 'मोअर सेटिंग्ज' उघडून कागद ए-फोर करा आणि स्केलमध्ये 'फिट टू प्रिंटेबल एरिया' निवडा.

मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. आउटलुकमध्ये आलेल्या मेलमधली लिंक दाबली की एज उघडतं आणि तिथे परत लॉगिन मागतं. खाली सर्चमध्ये काही टाइप केलं तरी तेच. डिफॉल्ट तर फायरफॉक्स आहे.
– एक वाचक, सांगली

लॉगिन परत मागणारच. लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीज आणि सेव्ह केलेले पासवर्ड प्रत्येक ब्राउझरचे आपापले असतात. तुम्ही फायरफॉक्समध्ये लॉगिन आहात हे एजला कुठून कळणार?

आउटलुक विंडोजचं डिफॉल्ट न पाळता स्वतःचं सेटिंग वापरू शकतं. जुन्या, म्हणजे ऑफिससोबत येणाऱ्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जा आणि 'लिंक हँडलिंग'खाली एजच्या जागी 'डिफॉल्ट ब्राउझर' निवडा. मायक्रोसॉफ्टचं मीटिंगचं ॲप टीम्स वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'फाइल्स अँड लिंक्स'खाली असाच पर्याय आहे.

टास्कबारच्या सर्चचं मात्र नीट ध्यानात घ्या. तिथले वेबचे निकाल आणि विजेट्समधल्या (टास्कबारवरून उघडणाऱ्या पट्टीतल्या) बातम्या साध्या लिंकने उघडत नाहीत. त्या लिंकच्या सुरुवातीला 'मायक्रोसॉफ्ट-एज' असा खास प्रोटोकॉल, म्हणजे लिंक कशात उघडायची ते सांगणारा शब्द, असतो, त्यामुळे तुमचं डिफॉल्ट विचारातच घेतलं जात नाही. अशा लिंका दुसऱ्या ब्राउझरकडे वळवणारं एजडिफ्लेक्टर नावाचं छोटं सॉफ्टवेअर होतं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाटही बुजवली. तेव्हा त्या सर्चमध्ये फक्त आपल्या फाइली आणि प्रोग्रॅम शोधा. टास्कबारवर राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्जमध्ये सर्च 'हाइड' आणि विजेट्स बंद केले की चुकून हातही जाणार नाही.

एज मुळापासून काढून टाकणारं सॉफ्टवेअर व्हिडिओत दाखवतात. वापरू का?
– एक वाचक, विटा

नको. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४ पासून तिकडच्या लोकांना एज अनइन्स्टॉल करता येतं. आपल्याकडे तो पर्याय दिलेला नाही. जबरदस्तीने काढलं, तर पुढच्या अपडेटला ते परत येऊ शकतं. अशा सॉफ्टवेअरने सोबत वेबव्ह्यू-२ हा, इतर ॲपच्या आत वेबची पानं दाखवणारा, भाग उडवला, तर नवं आउटलुक, टीम्स आणि विजेट्सही अडकतात. डिफॉल्ट परस्पर बदलून देणाऱ्या युक्त्यांचंही तेच. २०२४ च्या सुरुवातीला विंडोजने एक ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणला, तो वेबच्या लिंका आणि पीडीएफ यांच्या रजिस्ट्रीतल्या नोंदींना बाहेरच्यांना हात लावू देत नाही.

शिवाय एज कधी कधी लागतं. काही जुन्या कार्यालयीन साइट अजून इंटरनेट एक्स्प्लोररवरच चालतात. तो तर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. त्याची सोय एजच्या आयई (इंटरनेट एक्स्प्लोरर) मोडमध्ये आहे आणि ती किमान २०२९ पर्यंत ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर'खाली तो मोड चालू करून साइट यादीत घालता येते. यादीतली नोंद ३० दिवसांनी संपते. 'काल चालत होतं, आज चालत नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एज ठेवा, पण त्याला शांत बसवा. 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स'मध्ये 'स्टार्टअप बूस्ट' आणि एज बंद केल्यावरही मागे चालू राहण्याचा पर्याय, दोन्ही बंद करा. ४ जीबी रॅमच्या मशीनवर फरक जाणवतो. प्रोफाइल्समध्ये दुसऱ्या ब्राउझरचा डेटा 'इंपोर्ट' करण्याचा भाग आहे. तिथे प्रत्येक वेळी उघडताना इंपोर्टची खूण असेल तर ती आधी काढा. तुमचे क्रोममधले टॅब एजमध्ये कसे दिसतात, हे कोडं तिथेच सुटतं.

मुलीच्या कॉलेजसाठी नवा लॅपटॉप घेतला. क्रोम इन्स्टॉलच होत नाही. फक्त स्टोअरमधून घ्या म्हणतो.
– एक वाचक, वाई

लॅपटॉप विंडोजच्या 'एस मोड'मध्ये आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं काही बसत नाही आणि डिफॉल्ट ब्राउझर म्हणून एजच राहतं. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन असं जाऊन 'स्विच टू विंडोज होम'खालून स्टोअर उघडा आणि 'गेट' दाबा. पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की एस मोडमध्ये परत जाता येत नाही. दुकानदार यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

फोनवरही हाच ताप. आणि आपल्याकडे याला कायदा नाही का?
– एक वाचक, मिरज

आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आपली ॲप एकगठ्ठा फोनमध्ये घालायला कंपन्यांना भाग पाडणं हा त्यातला मोठा मुद्दा होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. डिफॉल्टची जागा किती मोलाची, ते अमेरिकेतल्या गूगलवरच्या खटल्यात उघड झालं. शोधासाठी आपलंच इंजिन डिफॉल्ट राहावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले होते. एवढा पैसा ज्या जागेत आहे, ती जागा कुणी आपणहून सोडणार नाही.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, 'डिफॉल्ट ॲप्स', 'ब्राउझर ॲप' इथे निवड करा. तरीही जीमेलमधली लिंक जीमेलच्या आतच उघडली, तर त्याच्या 'जनरल सेटिंग्ज'मध्ये 'ओपन वेब लिंक्स इन जीमेल'ची खूण काढा. फेसबुकच्या आत उघडलेल्या पानावर कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून बाहेरच्या ब्राउझरमध्ये जाता येतं. बँकेचं किंवा पैसे भरायचं पान असेल तर तसंच जा.

आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, डिफॉल्ट ब्राउझर बदलता येतो. आयओएस १८.२ पासून तो सेटिंग्जमध्ये ॲप्स, 'डिफॉल्ट ॲप्स' इथे आहे. पण आपल्याकडे आयफोनवरचं क्रोम किंवा फायरफॉक्स आतून ॲपलच्या वेबकिटवरच, म्हणजे सफारीच्याच इंजिनवर, चालतं. त्यामुळे एखादा फॉर्म सफारीत अडकला, तर आयफोनवरच्या क्रोममध्येही बहुधा अडकेल. तो सरळ कॉम्प्युटरवर भरा.