दुधाच्या कॅनखाली शॉकअप तळाला टेकतंय

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. मी जांबोटीच्या अलीकडच्या एका गावातून रोज पहाटे किणये-पिरनवाडी मार्गे बेळगावला दूध घालायला येतो. गाडी शंभर सीसीची, मागे दोन्ही बाजूंना ४० लिटरचे कॅन. पावसाने रस्ता असा झालाय, की खड्ड्यात चाक गेलं की मागून धाडकन आवाज येतो आणि टायर मडगार्डला घासतो. गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप शेवटच्या खाचेवर नेले, तरी तेच. एक जण म्हणतो स्प्रिंगमध्ये रबर घाल, दुसरा म्हणतो शॉकअप खोलून जाड तेल भर. काय करू?
— एक दूधवाला, खानापूर तालुका

उत्तर : आधी वजनाचं बघू. दूध पाण्याहून किंचित जड, लिटरला साधारण १.०३ किलो. म्हणजे ८० लिटरचे ८२ किलो झाले. त्यात तुम्ही ६५ किलोचे धरा आणि रिकाम्या कॅनचं वजन मिळवा. दीडशेच्या पुढे गेलो की! शंभर सीसीच्या गाडीच्या पुस्तिकेत चालकासकट वहनक्षमता सहसा १३० किलोच्या आसपास लिहिलेली असते. शॉकअप बिचारं बसणारच. दूध कमी करा म्हणणं मला सोपं आहे, धंदा तुमचा आहे, म्हणून पुढचं सांगतो.

खाच फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं बरेच गॅरेजवालेही समजतात. तसं नसतं. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. खाचेने ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. दहा मिलिमीटर दाबली, तर तेवढ्याच वजनाखाली शॉकअप दहा मिलिमीटर कमी बसतं आणि खड्ड्यासाठी तेवढी चाल, म्हणजे दबायला जागा, जास्त उरते. फायदा इतकाच, तो तुम्ही घेऊन झालाय. परतताना रिकामे कॅन उडतात ना? तेही त्याच खाचेमुळे.

आता माप घ्या. सीटच्या मागच्या टोकाला चिकटपट्टीची खूण करा आणि मागच्या एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटापासून तिथपर्यंत सरळ उभं अंतर मोजा. एकदा गाडी मधल्या स्टँडवर, चाक अधांतरी असताना. मग स्टँड काढून तुम्ही एकटे बसल्यावर आणि शेवटी भरल्या कॅनसकट. टेप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे वजनाने खाल्लेली चाल. एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठीक. निम्म्याच्या वर गेली असेल, तर खाच-बिच विसरा, स्प्रिंगच मऊ पडतेय. जाड तारेच्या स्प्रिंगची जोडी लागेल. घेताना शॉकअपच्या वरच्या बुशाच्या (बोल्ट बसतो त्या भोकातल्या नळीच्या) मध्यापासून खालच्या बुशाच्या मध्यापर्यंतची लांबी जुन्याइतकीच हवी. लांब शॉकअप घातलं तर मागचा भाग उचलला जातो, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, चेनही वेगळ्या कोनात ओढते.

रबराचं म्हणाल, तर त्याने स्प्रिंग कडक होते हे खरं. रबर अडकवलं, की तिथली वेटोळी दबत नाहीत. काम करणारी वेटोळी कमी, म्हणून कडकपणा जास्त. पण मग सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो आणि तार तिथेच तुटते. भरल्या गाडीला घाटात हे झालं तर काय होईल, तुम्हीच बघा.

जाड तेल तर मुळीच नको. तेल वजन पेलत नाही, ते फक्त हालचालीचा वेग आवरतं. जाड तेलाने चाक खड्ड्यातून वर गेलं की परत खाली यायला उशीर लावतं. तेवढ्यात दुसरा खड्डा, मग तिसरा. दर खड्ड्याला गाडी आणखी खाली बसत जाते आणि चौथ्याला पुन्हा धाड. तुमच्या रस्त्यावर खड्डे एकेकटे कुठे असतात? गॅस भरलेलं शॉकअप असेल तर ते खोलायचंच नाही, आत दाब असतो. मागची बाजू हाताने जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर तेल ठीक. दोन-तीनदा झुलली, किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर दोन्ही शॉकअप एकदमच बदला.

एक फुकटातलं काम आहे, ते उद्याच करा. कॅनच्या कड्या पुढे सरकवा. एक्सलच्या मागे लटकलेलं वजन मागच्या चाकावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढचं चाक हलकं करतं. वळणावर हँडल हलकं लागतं ते त्यामुळेच. कॅनचा मध्य एक्सलच्या पुढे येईल असं बघा, फक्त पाय ठेवायला जागा राहू दे. मागच्या टायरची हवा पुस्तिकेत डबल सीटसाठी दिली असेल तेवढी. आणि खराब पट्ट्यात पन्नासाऐवजी पस्तीसने चला. धक्क्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती जवळजवळ निम्मी होईल.

तिन्ही मापं आणि गाडीचं मॉडेल लिहून कळवा, मग स्प्रिंगचं नक्की सांगता येईल.